फुप्फुसाच्या रोगांत मेंदू कां भ्रमतो?



सन २०२१ मध्यें, दीड वर्षाच्या खंडानंतर शाळा पुन्हां भरूं लागली, त्या पहिल्या आठवड्यांतील ही गोष्ट आहे. नववीच्या वर्गांत मी श्वसनेंद्रियांचा पाठ शिकवीत होतों. फळ्यावर दोन फुप्फुसांची आकृति काढून मीं सांगितलें कीं, करोना विषाणूनें मुख्य घाला घातला तो येथें. तेव्हां मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरव्हीं तो प्रश्न विचारीत नसे. तो म्हणाला, "सर, रोग जर फुप्फुसांचा, तर आमचे आजोबा आम्हांला ओळखीनासे कां झाले?"

वर्ग एकदम शांत झाला. मीं त्याला बोलूं दिलें. त्याचे आजोबा रेल्वेंतून निवृत्त झालेले. हिशेबाला चोख, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. एप्रिल महिन्यांत त्यांना इस्पितळांत ठेवावें लागलें. चौथ्या दिवशीं फोनवर ते नातवाला आपल्या वारलेल्या भावाच्या नांवानें हांक मारूं लागले. खाटांच्या रांगेला ते फलाट म्हणत, आणि मनमाडची गाडी किती उशिरानें आहे असें परिचारिकेला पुन्हां पुन्हां विचारीत. रात्रीं नाकांतील नळी उपसून काढीत. घरीं आल्यावरहि कित्येक आठवडे ते पूर्ववत् झाले नाहींत.

मीं उत्तर दिलें, "विषाणु मेंदूंत शिरला असेल." तास संपत आला होता, आणि हें उत्तर मीं फारसा विचार न करतां दिलें. पुढें चार महिन्यांनीं त्या मुलाच्या वडिलांची गांठ पडली, तेव्हां कळलें कीं, माझें वाक्य त्यानें घरीं जसेंच्या तसें सांगितलें होतें, आणि "मेंदूच विषाणूनें खाल्ला, आतां त्यावर इलाज तो काय?" असें समजून घरच्या मंडळींनीं आजोबांना डॉक्टरांकडे नेण्याचेंच सोडून दिलें होतें. मला फार लाज वाटली. तो मुलगा आतां शाळा सोडून गेला आहे. पण त्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर देणें माझ्याकडे बाकी आहे. मी वैद्य नाहीं. तथापि निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनीं मोजून व तपासून जें प्रसिद्ध केलें, तें मीं त्यानंतर शक्य तितकें वाचलें, आणि त्याच्याच आधारें हा पाठ लिहीत आहें.

प्रथम मेंदूची राहणी समजून घेतली पाहिजे. मनुष्याच्या वजनाचा सुमारें पन्नासावा भाग मेंदूचा असतो. पण शरीर स्वस्थ असतां आपण जो प्राणवायु वापरतों, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा हा एकटा घेतो. बरें, त्याच्याजवळ शिल्लक म्हणावी तर जवळजवळ नाहींच. स्नायूंजवळ थोडी सांठवण असते, यकृताजवळ असते. मेंदू मात्र क्षणोक्षणीं रक्तानें आणून दिलेल्या शिध्यावर जगतो. कालव्याच्या भागांतून येणाऱ्या मुलांस हें लवकर उमजेल. पाटाचें पाणी थांबलें तर ज्वारी बराच काळ तग धरते; उंस मात्र लवकर मान टाकतो. धरणांत पाणी कमी आहे, पाट फुटला आहे, कीं वरच्या कोणी शेतकऱ्यानें पाणी अडविलें आहे, हें उंसाकडे पाहून कळत नाहीं. उंस नुसता सुकतो. मेंदूचें तसेंच आहे. फुप्फुसांत, मूत्रपिंडांत, यकृतांत किंवा रक्तांत कोठेंहि मोठा बिघाड झाला कीं त्याची वर्दी पुष्कळदां मेंदूच देतो, आणि ती भ्रमाच्या रूपानें देतो. विषमज्वराचा रोगी बरळूं लागला म्हणजे जुनीं माणसें "वातांत गेला" असें म्हणत. वैद्यकांत त्या स्थितीला सन्निपात हें नांव आहे. विषमज्वराचे जंतु आंतड्यांतून शरीरांत शिरतात हें तुम्ही आठवींतच शिकलां. तरी बरळतें तें डोकें. हें उदाहरण मला त्या दिवशीं वर्गांत आठवावयास हवें होतें.

आतां करोनाच्या रोग्यांकडे वळूं. ही साथ सन २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरीं प्रथम आढळली. तेथील डॉक्टरांनीं जानेवारी व फेब्रुवारी २०२० मध्यें इस्पितळांत असलेल्या २१४ रोग्यांचीं टिपणें तपासलीं. त्यांपैकीं ७८ जणांत, म्हणजे शेंकडा ३६ जणांत, मेंदू, मज्जातंतु किंवा स्नायु यांच्या बिघाडाचीं कांहीं ना कांहीं लक्षणें होतीं. त्यांत चक्कर व डोकेदुखी यांचा भरणा मोठा. परंतु ज्यांचा आजार तीव्र होता, त्यांतील शेंकडा सुमारें १५ जणांची शुद्धि मंदावली होती. आजार तितका तीव्र नसलेल्यांत हें प्रमाण शेंकडा सुमारें अडीच एवढेंच होतें.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील शिकागो येथें एका इस्पितळसमूहांतील ५०९ रोग्यांची पाहणी झाली, आणि शेंकडा ८२ जणांत मज्जासंस्थेचीं लक्षणें नोंदलीं गेलीं. न्यूयॉर्क येथें ४,४९१ रोगी पाहिले गेले; तेथें आंकडा आला शेंकडा साडेतेरा. येथें क्षणभर थांबा. एकच रोग, एकच वर्ष, एकच देश, आणि एकीकडे ८२ तर दुसरीकडे साडेतेरा! कोणी खोटें लिहिलें काय? मुळींच नाहीं. शिकागोच्या डॉक्टरांनीं अंगदुखी, डोकेदुखी, चक्कर, चव जाणें, वास जाणें हें सारें हिशेबांत धरलें. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं नव्यानें उद्भवलेले व तज्ज्ञांनीं निदान केलेले विकार तेवढेच मोजले. टोपलींत काय काय घातलें हें विचारल्याशिवाय टोपलीचें वजन ऐकण्यांत अर्थ नाहीं. अंशस्थानीं काय धरलें, असें मी गणिताच्या तासाला तुम्हांस वारंवार विचारतों, तेव्हां तुम्ही कंटाळतां. पण वर्तमानपत्रांतील पुष्कळसे भयंकर आंकडे या एका प्रश्नानें निवळतात.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही पाहण्यांचें एकमत दिसलें. गंभीर विकारांत सर्वांत अधिक आढळला तो अर्धांगवायु नव्हे, फेफरें नव्हे. तर मेंदूचा सर्वसाधारण मंदपणा व भ्रम. आपण कोठें आहों, आज वार कोणता, समोरचें माणूस कोण, यांची सांगड सुटणें. शिकागोच्या रोग्यांपैकीं जवळजवळ एकतृतीयांशांस तो झाला. ज्यांस झाला त्यांतील शेंकडा सुमारें २२ जण महिन्याभरांत दगावले. ज्यांस झाला नाहीं त्यांतील शेंकडा सुमारें ३. यावरून भ्रमानेंच माणसें मेलीं असें ठरत नाहीं. पण भ्रम दिसला म्हणजे आजार खोल गेला आहे, एवढें त्यावरून समजावें.

आणि आतां माझ्या चुकीकडे येतों. विषाणु खरोखरच मेंदूंत शिरून त्याचा दाह करीत होता काय? न्यूयॉर्कच्या त्या साडेचार हजार रोग्यांत या विषाणूमुळें मेंदूचा किंवा त्याच्या आवरणाचा दाह झालेला एकहि रोगी सांपडला नाहीं. अठरा जणांच्या पाठीच्या कण्यांतून पाणी काढून तपासलें. त्यांत विषाणु नव्हता. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवाव्या लागलेल्या रोग्यांपैकीं सात जणांचें पाणी तपासलें, त्यांतहि नव्हता. बोस्टन येथें मृत झालेल्या १८ रोग्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. त्या सर्वांत प्राणवायूच्या तुटवड्याच्या खुणा होत्या. विषाणूचा मागमूस कोठें कोठें लागला तो अत्यल्प. पुढें सन २०२२ च्या अखेरीस ११ मेंदूंची अधिक बारकाईनें केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. तींत विषाणूच्या खुणा मेंदूंत सांपडल्या खऱ्या. पण त्या जागीं म्हणावा तसा दाह अगर नाश दिसला नाहीं. तेव्हां विषाणु मेंदूच्या उंबरठ्याआंत कधींच जात नाहीं असें म्हणणें बरोबर नाहीं. परंतु "विषाणूनें मेंदू खाल्ला" हें म्हणणें त्याहून पुष्कळ अधिक चूक आहे.

वास जाण्याची गोष्ट या संबंधांत मोठी बोधप्रद आहे. साथीच्या आरंभीं हजारों लोकांस कॉफीचा, लसणीचा, उदबत्तीचा वास येईनासा झाला. नाकांतील गंधतंतु सरळ मेंदूस जाऊन मिळतात. तेव्हां विषाणु त्याच वाटेनें वर चढला, असें पुष्कळांनीं अनुमान केलें. मींहि तेंच केलें होतें. पण शोध करतां असें आढळलें कीं, विषाणूला पेशींत शिरावयास जी कडी लागते, ती गंधतंतूंच्या पेशींना जवळजवळ नसतेच; ती असते त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना. विषाणूनें त्या आधारपेशींना गांठलें आणि त्या कोसळल्यामुळें गंधतंतु निकामी झाले. मांडवाचे खांब काढले म्हणजे छत आपोआप खालीं येतें. छताला कोणी हात लावावा लागत नाहीं. आधारपेशी पुन्हां उगवतात, म्हणून बहुतेकांचा वास कांहीं आठवड्यांत परत आला.

दोन गोष्टी एका वेळीं घडल्या कीं एक दुसरीचें कारण ठरविण्याचा मोह जुनाच आहे. सन १९१७ मध्यें व्हिएन्ना येथील डॉक्टर फॉन एकोनोमो यांनीं एका विलक्षण निद्रारोगाचें वर्णन केलें. पुढच्याच वर्षीं इन्फ्लुएन्झाची महासाथ आली. ती जून १९१८ मध्यें मुंबई बंदरांतून आपल्या प्रांतांत शिरली. दोन्ही रोग एकाच काळांत वावरले, म्हणून इन्फ्लुएन्झानेंच निद्रारोग झाला असें अनेकांनीं लिहिलें. शंभर वर्षें होऊन गेलीं. तें आजवर सिद्ध झालेलें नाहीं.

मग आजोबांच्या मेंदूला झालें तरी काय? एकच कारण सांगतां येणार नाहीं. अनेक ओझीं एकाच वेळीं पडलीं.

पहिलें प्राणवायूचें. करोनाच्या रोग्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसे. रक्तांतील प्राणवायु पुष्कळ उतरलेला असे, तरी रोगी धापा टाकीत नसे. खाटेवर बसून बोलत असे. दुसऱ्या लाटेंत आपल्याकडे घरोघर बोटाला लावावयाचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, आला तो याचसाठीं. डोळ्यांना जें दिसत नव्हतें तें तो दाखवी. पण मेंदूला तें चिमट्याच्या आधींपासून जाणवत असे. बोलतां बोलतां विसरणें, एकच प्रश्न चार वेळां विचारणें, दिवसां झोंपून रात्रीं जागणें, हीं लक्षणें कित्येक घरांत "वय झालें" म्हणून सोडून दिलीं गेलीं.

दुसरें रक्ताचें. या रोगांत रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढे. गांठ पायांत झाली तर पाय सुजे. ती मेंदूच्या रक्तवाहिनींत अडकली तर अर्धांगवायूचा झटका येई. न्यूयॉर्कमधील दोन इस्पितळांनीं तुलना केली: करोनाच्या १,९१६ रोग्यांत असा झटका ३१ जणांस आला, तर पूर्वींच्या वर्षांतील इन्फ्लुएन्झाच्या १,४८६ रोग्यांत अवघ्या तिघांस. बहुतेक झटके वयस्कांस व रक्तदाब-मधुमेह असलेल्यांस आले. पण त्याच शहरांत दोन आठवड्यांच्या आंत पन्नाशीखालचे पांच रोगी मोठ्या रक्तवाहिन्या बंद होऊन आले, आणि त्यांतील सर्वांत लहान ३३ वर्षांचा होता. कित्येक जण साथीच्या भीतीनें इस्पितळांत जाण्यास उशीर करीत. अर्धांगवायूंत तर मिनिटें मोजावयाचीं असतात. तोंड वांकडें होणें, एक हात लुळा पडणें, बोबडें बोलणें, यांपैकीं कांहीं एकाएकीं दिसलें तर रोग कोणताहि असो, वाट पाहूं नये.

तिसरें, शरीराच्या स्वतःच्या संरक्षक दळाचें. विषाणूशीं झगडतांना शरीर जीं द्रव्यें रक्तांत सोडतें, तीं मर्यादेबाहेर गेलीं म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा पहारा ढिला पडतो, आणि एरव्हीं बाहेर राहणारे पदार्थ आंत झिरपतात. लढाई फुप्फुसांत चालते, धूर मेंदूपर्यंत जातो. याच दळाचा नेम चुकून कांहीं रोग्यांत हातपायांच्या मज्जातंतूंवर मारा होतो, आणि पायांपासून वर चढणारा लुळेपणा येतो. त्याला गिलँ-बारे रोग म्हणतात. इटलींत मार्च २०२० पर्यंत असे पांच रोगी नोंदले गेले. परंतु ब्रिटनमध्यें पुढें जी मोजणी झाली तींत त्या काळीं या रोगाचें एकंदर प्रमाण वाढल्याचें दिसलें नाहीं. म्हणून त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.

यांखेरीज ताप, मूत्रपिंडांचा मंदपणा, रक्तांतील क्षारांचें कमीजास्त होणें, आणि उपचारांचेंहि ओझें. फुप्फुसें मोकळीं व्हावींत म्हणून रोग्याला तासन्‌तास पालथें निजवीत. त्यानें प्राण वांचत. पण खांद्याखालचे मज्जातंतु दबून कोणाकोणाचा हात मागाहून महिनोगणती उचलेना.

आतां त्या वेळच्या वॉर्डाचें चित्र डोळ्यांपुढें आणा. दिवसरात्र एकसारखा दिवा. यंत्रांच्या शिट्या. सभोवार वावरणारीं माणसें डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या आवरणांत. चेहरा नाहीं, नुसते डोळे, तेहि कांचेआड. आजोबांचा चष्मा पिशवींत राहिलेला, आणि कानांतील श्रवणयंत्र पहिल्याच दिवशीं हरवलेलें. घरचें कोणी नाहीं, कारण कोणास आंत येऊं देतां येत नव्हतें. ज्यानें उभा जन्म रेल्वेंत घालविला, त्याच्या अर्धवट जाग्या मेंदूनें एवढ्या सामुग्रीवर फलाट उभा केला, यांत नवल तें काय? शिट्या होत्या, धांवपळ होती, रांगेनें आडवीं पडलेलीं माणसें होतीं, आणि कोणाची तरी वाट पाहणें होतें. मला तर वाटतें, तो मेंदू निकामी झाला नव्हता; हातीं आलेल्या मोडक्यातोडक्या खुणांवरून तो अर्थ लावीत होता.

या सन्निपाताचें एक रूप गडबडीचें असतें: रोगी ओरडतो, उठूं पाहतो, नळ्या उपसतो. दुसरें रूप मुकें असतें. त्यांत रोगी निपचित पडून राहतो, विचारल्यास उशिरानें एकदोन शब्द बोलतो, कोणास त्रास देत नाहीं. पहिल्याकडे सर्वांचें लक्ष जातें. दुसऱ्याविषयीं मात्र "आज बाबा शांत आहेत" असें म्हणून आपण समाधान मानतों. मुका भ्रम सहज नजरेआड होतो, म्हणूनच तो अधिक फसवा.

सन २०२१ मध्यें एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. साथीच्या पहिल्या महिन्यांत १४ देशांतील ६९ अतिदक्षता विभागांत असलेल्या २,०८८ रोग्यांचीं टिपणें तींत एकत्र केलीं होतीं. त्यांपैकीं शेंकडा ५५ जणांस सन्निपात झाला होता. कशानें तो वाढला व कशानें कमी झाला हेंहि त्यांनीं पाहिलें. बेंझोडायझेपिन जातीचीं गुंगीचीं औषधें शिरेंतून चालूं असलीं, तर दुसऱ्या दिवशीं भ्रम असण्याचा संभव सुमारें शेंकडा ५९ नीं वाढे. यांत डॉक्टरांस बोल लावण्याचें कारण नाहीं. रोगी यंत्राशीं झगडूं नये म्हणून गुंगी देणें भाग होतें, आणि त्या दिवसांत हातीं येईल तें औषध वापरावें लागे.

उलट बाजूस एक गोष्ट सांपडली, ती वाचून मीं पुस्तक कांहीं वेळ मिटून ठेवलें. ज्या दिवशीं घरच्या माणसाची भेट झाली, मग ती प्रत्यक्ष असो वा पडद्यावरची असो, त्याच्या पुढच्या दिवशीं भ्रमाचा संभव सुमारें शेंकडा २७ नीं कमी होता. आणि अशी भेट किती दिवशीं झाली? दर पांच दिवसांत एक दिवसहि नाहीं. कोणी म्हणेल, ज्यांची प्रकृति जरा बरी त्यांचीच भेट घडविली असेल. शंका रास्त आहे, आणि अशा पाहणीनें ती पुरती फिटत नाहीं. परंतु ओळखीचा आवाज, चष्मा, श्रवणयंत्र, घड्याळ, रात्रीं अंधार, दिवसां उजेड, हीं साधनें करोनाच्या पुष्कळ आधींपासून वृद्ध रोग्यांच्या शुश्रूषेंत उपयोगी ठरलेलीं आहेत. तीं नवीं नव्हेत, महागहि नव्हेत. साथीनें नेमकीं तींच हिरावून घेतलीं.

वृद्धांविषयीं आणखी एक गोष्ट येथेंच सांगतों. अमेरिकेंतील सात इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, वयाची ६५ वर्षें पुरीं झालेल्या ८१७ करोनारोग्यांपैकीं २२६ जण येतांनाच भ्रमांत होते. त्यांतील ८४ जणांस ताप नव्हता, धापहि नव्हती. ३७ जणांचें मुख्य लक्षणच भ्रम हें होतें. आपल्याकडे असा वृद्ध दिसला कीं घरांत काय बोललें जातें हें तुम्ही ऐकलें आहे: "चळ लागला", "बुद्धि नाठी झाली", कोठें कोठें "बाहेरची बाधा" हेंहि. खरें पाहतां, काल धड असलेलें म्हातारें माणूस आज एकाएकीं बरळूं लागलें, तर तें वेड नव्हे व म्हातारचळहि नव्हे. वेड व विस्मृति हीं हळूहळू येतात. सन्निपात तासां-दिवसांत येतो आणि दिवसांतून कितीदां तरी कमीजास्त होतो. तेव्हां प्राणवायु, साखर, ताप, लघवी हें सर्व त्याच दिवशीं डॉक्टरांकडून पाहून घ्यावें.

आपल्या देशांतील एका संकटाचा उल्लेख न करणें अयोग्य होईल. दुसऱ्या लाटेंत, सन २०२१ च्या उन्हाळ्यांत, महाराष्ट्र, गुजरात व इतर प्रांतांत करोनांतून उठलेल्या पुष्कळ रोग्यांस म्युकरमायकोसिस झाला; लोक त्याला काळी बुरशी म्हणत. ही बुरशी नाकावाटे शिरून गालफडाच्या पोकळ्यांत, तेथून डोळ्यांच्या खोबणींत आणि तेथून मेंदूंत जाते. विषाणूला जी वाट मीं चुकीनें लावून दिली होती, ती या बुरशीची खरी वाट. करोनानें दुबळें झालेलें शरीर, काबूबाहेर गेलेला मधुमेह आणि स्टेरॉइड औषधें, हीं तिला अनुकूल ठरलीं. स्टेरॉइड हें शत्रु नव्हे. डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानें श्वसनयंत्रावरील रोग्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी होतात, हें ब्रिटनमधील प्रयोगानें जून २०२० मध्यें सिद्ध झालें होतें. पण तेंच औषध गरज नसतांना, अधिक प्रमाणांत किंवा साखर न तपासतां घेतलें तर घातक. चेहऱ्याची एक बाजू बधिर होणें, नाकांतून काळसर स्राव, एकाचे दोन दिसणें, या खुणा ओळखून जे लवकर आले त्यांचे प्राण वांचण्याचा संभव अधिक होता. तरी अनेकांस डोळा गमवावा लागला. मे २०२१ मध्यें केंद्र सरकारनें या रोगाची नोंद सक्तीची करण्याविषयीं सर्व राज्यांस कळविलें.

इस्पितळांतून सुटल्यावर पुढें काय? स्ट्रासबुर्ग येथें अतिदक्षता विभागांतून घरीं गेलेल्या ४५ रोग्यांपैकीं १५ जणांचें लक्ष टिकत नव्हतें, अगर हालचाली व कामें यांची जुळणी नीट होत नव्हती. सन २०२१ मध्यें सुमारें २ लाख ३६ हजार रोग्यांच्या, मुख्यतः अमेरिकेंतील, नोंदी तपासल्या गेल्या. आजारानंतर सहा महिन्यांत शेंकडा सुमारें १३ जणांस मेंदूचा किंवा मनाचा विकार आयुष्यांत प्रथमच झाल्याचें निदान झालें. अतिदक्षता विभागांत राहिलेल्यांत तें प्रमाण त्याच्या दुप्पट होतें. येथेंहि टोपलींत काय आहे तें पाहा: चिंता व निद्रानाश यांपासून अर्धांगवायूपर्यंत सारें तींत आहे. पुष्कळांची सुधारणा झाली, पण ती हळूहळू झाली, आणि कांहींची अपुरी राहिली. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांच्या दृष्टीनें तारखेला फारसा अर्थ नव्हता.

त्या मुलाच्या वडिलांना मीं त्याच दिवशीं रस्त्यांत थांबवून माझी चूक कबूल केली. ते रागावले नाहींत. "सर, तुम्हीं तरी काय करणार" एवढेंच म्हणाले, आणि तें मला रागाहून जड गेलें. दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं आजोबांना डॉक्टरांकडे नेलें. तपासणींत कळलें कीं, इस्पितळांत हरवलेलें श्रवणयंत्र पुन्हां घेतलेंच नव्हतें, आणि गुंगीची एक गोळी, जी कांहीं दिवसांपुरती लिहून दिली होती, ती कोणी बंद न केल्यामुळें तशीच चालूं होती. डॉक्टरांनीं ती हळूहळू कमी केली. नवें यंत्र आलें. रोज सकाळीं वर्तमानपत्रांतील एक बातमी मोठ्यानें वाचून दाखवावयाची, असें काम नातवानें त्यांना लावून दिलें.

गेल्या दिवाळींत तो मुलगा मला भेटावयास आला होता. आतां तो महाविद्यालयांत आहे. आजोबांची प्रकृति विचारली. म्हणाला, "आतां सगळ्यांना ओळखतात, सर. फलाटाची गोष्ट स्वतःच हंसत सांगतात. सकाळीं दूध आणावयास तेच जातात." मग थोडें थांबून म्हणाला, "सुटे पैसे मोजतांना मात्र अजून अडतात. दूधवाला थांबतो."